विषय क्रमांक चार

इतिवृत्ताच्या वहीत लिहिताना
माझं अक्षर आपोआप सरळ होतं.
‘सभेस अकरा सदस्य उपस्थित.’
तीन वर्षं ते अकरा जण कागदावरच बसले.
सभा सकाळची. त्या वेळी
गोमीबाई खाणीवर, अन्सारी गोदामात पोत्याखाली,
आणि मी दुसऱ्या दिवशी वही काखेत मारून
तुर्भ्याच्या गल्ल्यांतून सह्या गोळा करत.
एकदा अंगठा टेकवता टेकवता गोमीबाई थांबली.
“बाई, कशाला हो म्हणतेय मी?”
मला चटकन सांगता आलं नाही.

म्हणून या वेळी सभा रात्री साडेआठला.
शिपाई कुरकुरला, मग त्यानेच ट्यूबलाइट बदलली.
पहिलीच्या बुटक्या बाकांवर
मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली.
मसाला मार्केटकडून वारा फिरला की
सगळी सभा शिंकायची,
तेवढं मात्र एकमताने.

विषय चार : कुंपण भिंत.
साहेबांनी नकाशा उलगडला,
कोपरे दाबायला डस्टर, माझा चष्मा, कुणाचा तरी डबा.
भिंत सरळ. फाटक एकच, हमरस्त्यावर.
अध्यक्ष भोईरकाका म्हणाले, “बेस हाय.”
मी लिहिलंसुद्धा : सर्वानुमते

“भगदाड दाखवलंच नाही.”

सातवीतली वैजंता राठोड.
बालसभेची प्रतिनिधी म्हणून बोलावलेली,
म्हणजे खरं सांगायचं तर पाणी द्यायला.
कुठलं भगदाड?
मागच्या जुन्या भिंतीतलं, जिथून
अर्धी शाळा रोज शाळेत येते
आणि जे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.
तिने रफ वही उघडली.
भगदाडातून : दोनशे चाळीस पावलं.
हमरस्त्याने : सतराशे.
पुढे ट्रक, पाच-पाच रेघांच्या जुड्या करून,
पान संपलं तिथे मोजणी संपली होती.
साहेब म्हणाले, पावलं कुणाची?
“नौशादच्या भावाची. पहिलीतला आहे.
माझी मोजली असती तर कमी भरली असती.”

कुणी शिंकलं नाही.

मग मीच बोलले, कारण तक्रार माझी होती :
सकाळी अंगणात बाटल्या सापडतात,
एकदा काच एका पोराच्या टाचेत गेली.
अन्सारी म्हणाले, बाटल्या भिंतीवरूनही येतात, मॅडम.
गोमीबाई खाली बघत म्हणाली,
“भिंतीला दगड आमच्याच खाणीतला ना?
मग एका दारापुरता कमी फोडू.”

दार ठरलं. कुलूप ठरलं.
चावीवर पाऊण तास गेला.
भोईरकाका म्हणाले, “चावी माझेकरं ठेवा.”
वैजंता म्हणाली, “हळदी सुरू झाल्या की
तुम्ही घरी सापडत नाही, काका.”
हसू आधी मागच्या बाकावर फुटलं,
पुढे यायला थोडा वेळ लागला,
काकांपर्यंत सगळ्यात शेवटी.
चावी अखेर पिठाच्या गिरणीत, आतल्या खिळ्याला.
गिरणी पहाटेच उघडते
आणि गिरणीवाला कुणाचाच नातेवाईक नाही.

सूचक या शब्दापुढे मी लिहिलं :
वैजंता राठोड, इयत्ता सातवी ब.
गोमीबाई म्हणाली, आता वाच.
मी वाचलं. ती म्हणाली, परत वाच.
मग तिने शाई मागितली.

वही कचेरीतून परत आली आहे.
लाल पेनाने : सूचक सदस्य नाही, दुरुस्ती करावी.
मी अजून केलेली नाही.
भिंतही अजून आलेली नाही,
पोरं भगदाडातूनच येतात.
नौशादचा भाऊ दुसरीत गेला.
काल वर्गाच्या दारात धापा टाकत म्हणाला,
बाई, ते वहीत बदला,
आता दोनशे सव्वीसच भरतात.